मागच्या अंगणातली माती

१२ जानेवारी

चि. भिंगरीस आत्याचे आशीर्वाद.

मागच्या अंगणात गवत नीट का येत नाही, तर नाही येत. सगळीकडे गवत उगवलंच पाहिजे असा काही कायदा नाही. जमीन हडकुळी आहे, ऊन फार लागतं, कोंबड्या उकरतात. कारणं हवी तेवढी देते. त्यावर आणखी बोलायचं नाही.

तुम्ही तिघं येऊन गेलात त्याला आठ दिवस झाले. लोखंडी नळी ठोकून नऊ भोकं पाडलीत, नऊही बुजवलीत, ते ठीक. पण उंबऱ्यावरचा चिखल मी पुसला. आणि तो चष्मेवाला उंच माणूस नदीवर माझ्या मापपट्टीला टेकून उभा होता. त्याला सांग, ती पट्टी पाण्याची उंची बघायला आहे, पाठ टेकायला नाही. अडतीस वर्षं मी रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तिच्यावरचा आकडा वहीत लिहिते. मी एकदाही टेकले नाही.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी जेवताना तू सगळं समजावून सांगत होतीस, पण तुझा बाप मध्येमध्ये इतका बोलत होता की मला अर्धंच कळलं. बॉम्बचा आणि माझ्या अंगणाचा संबंध काय, हे चौथी शिकलेल्या माणसाला कळेल असं लिही. कोपऱ्यावरच्या दुकानवालीनं गावभर केलंय की आत्याच्या अंगणात किरणं निघाली. काल माझे बटाटे तिनं मेलेला उंदीर उचलावा तसे दोन बोटांत धरले. मी तिला सांगितलं, किरणं निघाली असती तर माझा दिव्याचा खर्च तरी वाचला असता.

फोन करू नकोस. फोनवर ऐकलेलं मी विसरते, आणि विसरले की तू ओरडून सांगतेस. कागद बरा.

आशीर्वाद वर लिहिलेत, खाली परत लिहीत नाही.

आत्या


१९ जानेवारी

ती. आत्यास भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गवताबद्दल मी काही विचारलंच नव्हतं गं. आणि कोंबड्या कुणाच्या? तुझ्याकडे तर मांजरसुद्धा टिकत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. तू शाळेत जायचीस त्या सुमाराला मोठ्या देशांनी उघड्यावर बॉम्ब फोडून बघितले. त्याची धूळ इतकी वर गेली की वाऱ्याबरोबर जगभर फिरली आणि पुढची काही वर्षं पावसातून खाली येत राहिली. डोंगरावर, शाळेच्या पटांगणावर, तुझ्या अंगणात. आपल्या एवढ्याशा भागात तर सगळीकडे सारखीच. त्या धुळीत सीझियम नावाचा पदार्थ होता. तो मातीच्या बारीक कणांना असा चिकटून बसतो की पाण्यानं सुटत नाही. माती जाईल तिकडे तोही जातो. आता इतका थोडा उरलाय की एका डबीतला मोजायला आमच्या यंत्राला अख्खा दिवस लागतो. दुकानवालीला सांग, बटाटे खुशाल विक.

मोजायचं कसं, तर आधी एक न हललेली जागा लागते. सपाट, वर झाड नाही, बाहेरची माती आत आलेली नाही, आतली बाहेर गेलेली नाही. तिथे जेवढं सीझियम सापडेल तेवढं मुळात सगळीकडे पडलं होतं, असं धरायचं. शेतात त्याहून कमी निघालं तर तेवढी माती वाहून गेली. जास्त निघालं तर कुठून तरी येऊन बसली. सगळं गणित त्या एका जागेवर उभं असतं. म्हणून मी जेवताना विचारलं, तेव्हा बाबांनी छातीवर हात मारून सांगितलं की ताईच्या मागच्या अंगणाला तिचं लग्न झाल्यापासून फावडं लागलेलं नाही. तू तेव्हा पाणी आणायला उठलीस आणि बराच वेळ आलीच नाहीस.

हे सगळं कशासाठी ते तुला माहीत आहेच, तरी लिहिते. धरण गाळानं भरत चाललंय. धरणाच्या ऑफिसचं म्हणणं, उतारावरची अकरा घरं नांगरतात म्हणून. तसं ठरलं तर उतारावरची नांगरणी कायमची बंद. बाबांची सगळी जमीन त्यात जाईल. उतारावरच्यांचं म्हणणं, गाळ येतो तो वाळूवाले यंत्रं लावून नदीचे काठ पोखरतात त्यामुळे. २० एप्रिलला सुनावणी आहे आणि तिथे आमचा अहवाल वाचला जाणार. आपली जमीन त्यात आहे हे मी आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना पहिल्याच दिवशी लिहून दिलंय. त्यांनी डब्यांवर नुसते नंबर घातले आणि मोजायला दुसरा माणूस बसवला.

आता खरी बातमी. पहिली मोजणी झाली. उतारावरच्या बहुतेक शेतांत तुझ्या अंगणाएवढं किंवा त्याहून थोडं जास्तच सीझियम निघालं. म्हणजे शेतातली माती फारशी कुठे गेलेलीच नाही. बाबांना मी कळवलंय. आता तुझ्या अंगणातल्या एका नळीतल्या मातीचे आडवे काप करून एकेक काप वेगळा मोजायचा, तेवढं राहिलंय.

रागावून का होईना, आठवण काढत जा. चिखल पुढच्या वेळी मी पुसीन.

तुझी
भिंगरी


२५ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

कळलं. मेंढपाळ मेंढरांच्या पाठीवर रंगाचा शिक्का मारतो, मग कुणाचं मेंढरू कुठल्या कळपात घुसलं ते कळतं. तसा मातीवर शिक्का. एवढं सांगायला दोन पानं कशाला लागली?

उत्तर चांगलं आलं ना? मग झाकण ठेव त्याच्यावर. काप करून परत मोजायचं काय खूळ? जेवण झाल्यावर कुणी तांदूळ निवडत बसत नाही. तुझ्या यंत्राला दुसरी कामं असतील.

तुझा बाप दुकानापुढच्या बाकावर बसून दहा घरांना सांगतोय की माझ्या पोरीनं गणितानं सिद्ध केलं. त्यात परत ती खालच्या कोपऱ्याची गोष्ट काढली, पुरानंतर मी एकट्यानं जमीन कशी उभी केली ती. एकतीस वर्षं ऐकतेय. दरवर्षी पूर वीतभर चढतो. माझ्या वहीत तो आहे तेवढाच आहे.

खात जा. मागच्या वेळी तुझा चेहरा पाण्याबाहेर राहिलेल्या मासळीसारखा दिसत होता.

आत्या


१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस बाबाचे आशीर्वाद.

तू विचारलंस की खालच्या कोपऱ्यात कधी बाहेरची माती टाकली होती का. पोरी, तो कोपरा म्हणजे माझं मनगट आहे. नीट ऐक.

पुराच्या वर्षी तो कोपरा पार मुरमापर्यंत धुऊन गेला. तू दीड वर्षाची होतीस. तुला आणि आईला आजोळी पाठवलं आणि मी सहा आठवडे बंदरावर पोती उचलायला गेलो. परत आलो तर कोपऱ्यात वीतभर माती. ताई म्हणाली, तू नव्हतास तेव्हा दुसऱ्यांदा पाणी चढलं होतं, नदीनं नेलं ते नदीनंच आणून टाकलं. नदीचं तिला कळतं, मी खरं मानलं. पण नुसत्या मातीनं काय होतं? ती नांगरली मी, दगड वेचले मी, बांध घातला मी. आज सगळ्या उतारावर तसा तुकडा नाही.

एक गोष्ट कधी बोललो नाही, आता विषय निघाला म्हणून सांगतो. त्या वेळी ताईनं आणि तुझ्या आतोबांनी एक बोट हलवलं नाही. मीच तिला बजावलं होतं की मला कुणाची मदत नको, केलीस तर तोंड बघणार नाही. पण मी म्हटलं म्हणून तिनं खरंच गप्प बसायचं? सख्खी बहीण ना? आतोबा तर वर खांद्याला फडकं बांधून बसले होते, म्हणे शिडीवरून पडलो. नेमके तेव्हाच पडले. असो. माझ्या मनात काही नाही.

मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग. बटाटे पाठवतो.

बाबा


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा सरळ लिहिते.

काप मोजून झाले. न हललेल्या जमिनीत सीझियम वरच्या चार बोटांत सगळ्यात जास्त असतं आणि खाली कमी कमी होत जातं. तुझ्या अंगणात वरची अर्धी वीत जवळजवळ कोरी आहे. तिच्याखाली एकदम अर्धंमुर्धं सुरू होतं. जणू पुस्तकाची पहिली पानं फाडून तिथे कोरे कागद शिवलेत. आणि ती वरची कोरी माती माती नाहीच, नदीकाठच्या पोटातली वाळू आहे. चाळल्यावर ओळखू येते.

दुसरं. बाबांच्या खालच्या कोपऱ्यात तुझ्या अंगणाच्या दुप्पट सीझियम आहे. उतारावर एवढी माती आपणहून येऊन बसत नाही. बाबा म्हणतात, पुरानंतर दुसऱ्यांदा पाणी चढलं आणि नदीनं ती टाकली, असं तू सांगितलंस. म्हणून मी ऑफिसातून त्या वर्षीची तुझी वही काढून बघितली. त्या सहा आठवड्यांत पाणी रोज थोडंथोडं उतरतच गेलंय. रोज दोन आकडे, तुझ्या अक्षरात. दुसरं पाणी कुठेच नाही.

मला काय विचारायचंय ते तुला कळलं असेल.

अंगणाची माती गेलेली असेल तर आमचं माप मुळातच तोकडं आहे. तोकड्या मापानं मोजली म्हणून शेतं धडधाकट दिसली. खऱ्या मापानं मोजली तर त्यांचीही माती गेलेली निघेल, आणि मग ऑफिसवाले म्हणतात तेच खरं ठरू शकतं. मोठ्या बाईंनी काप अजून पाहिलेले नाहीत. त्या खूश आहेत. नुसती बेरीज छापली तर कुणाला काही कळणार नाही. पण मला कळलंय.

रागावलीस तरी लिही. न लिहिता रागावू नकोस.

भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस.

पत्र मिळालं. आज पाणी एक पूर्णांक चार, संध्याकाळी तेवढंच. वहीत मी आजवर खोटं लिहिलेलं नाही, ते तू स्वतः बघितलंस, बरं झालं. तोंडानं कधी काय बोलले ते वहीत नसतं. बाकीचं विचारू नकोस. गेलेल्या माणसाला शब्द दिलाय.

आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

एवढं आखूड पत्र तू ऑफिसलाही लिहीत नाहीस.

मी मोठ्या बाईंना काप दाखवले. त्यांनी विचारलं की आता काय करायचं. मी म्हटलं, ती जागा रद्द. अंगणाचा आकडा अहवालात मापाच्या जागी जाणार नाही, मग अकरा घरं मला शिव्या घालोत नाहीतर माझा बाप घालो. त्यांनी चष्मा पुसला आणि दुसरी जागा शोधायला तीन आठवडे दिले. त्यापुढे गेलं तर मोजणी सुनावणीच्या आत होत नाही. आणि मापाशिवाय गेलो तर ऑफिसचा जुना अंदाज तसाच मान्य होईल. तो काय आहे ते तुला माहीत आहे.

मी उतारावर रोज फिरतेय. शाळेच्या पटांगणात दोनदा भराव घातलाय. दफनभूमीत तर खोदायचंच काम चालतं. टेकडीवर मेंढरांनी पायवाटा पाडल्यात. नदीची आणि तिच्या आजूबाजूच्या इंच-इंच जमिनीची माहिती या भागात तुझ्याइतकी कुणाला नाही.

तू शब्द दिलास तो मी मोडायला सांगत नाही. पण मग अहवालात माती का हलली त्यापुढे मी कारण माहीत नाही असं लिहीन, आणि ते माझ्या हातून खोटं लिहिलं जाईल. आपल्या घरात वहीत खोटं लिहायची पद्धत नाही, असं मला एका बाईनं लहानपणी शिकवलंय.

तुझी, हट्टी
भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

ऐक. एकदाच लिहिते, परत विचारलंस तर पत्र चुलीत घालीन.

कोपरा धुऊन गेला तेव्हा तुझा बाप माझ्या दारात येऊन सांगून गेला की मदत केलीस तर तोंड बघणार नाही. तो बंदरावर गेला. तिसऱ्या दिवशी तुझे आतोबा म्हणाले की धाकट्याला मदत नको आहे, माती हवी आहे, आणि आपल्या मागच्या अंगणात नुसतं गवत आहे. हातगाडी काढली. मी खणायची, ते ओढायचे. तीन आठवडे. सकाळचं पाणी लिहून झालं की सुरू, संध्याकाळच्या पाण्यापर्यंत. अर्ध्या कामात गाडीचं चाक मोडलं तर डोक्यावर घमेली घेऊन गेलो. त्यांचा उजवा खांदा तेव्हा जो गेला तो परत वर झाला नाही. शिडीवरून पडलो असं तेच सांगत सुटले, आणि आमच्या घरात तेव्हा शिडी नव्हतीच, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अंगणात खड्डा दिसायला नको म्हणून काठाच्या पोटातली वाळू आणून भरली. म्हणून गवत येत नाही. झालं समाधान?

तुझा बाप परत आला तेव्हा नदीनं दिलं असं मी सांगितलं. बहिणीची माती त्यानं नांगरली नसती, नदीची नांगरली. मग आम्ही दोघांनी ठरवलं की मरेपर्यंत बोलायचं नाही. ते पाळून गेले. मी उरले.

त्या दिवशी जेवताना तुझा बाप अंगणाबद्दल बोलला तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. मी उठून माठाशी जाऊन उभी राहिले. तिथे माझी चूक झाली. चूक म्हणजे चूक, तिच्यावर पांघरूण घालायचं नाही. तुझं गणित माझ्यामुळे बिघडलं, तर ते सुधारायचंही मीच.

आता ऐक. न हललेली जागा हवी होती तर मला एकटीला विचारायची होतीस. सगळ्यांना समोर बसवून विचारलं की माणसं शोभेची उत्तरं देतात. पाऊस मोजायचं भांडं कुठे आहे? नदीच्या वरच्या सपाटीवर, तारेच्या कुंपणात. दहा पावलं लांब, दहा रुंद. वर झाड नाही, कारण झाडाखाली पाऊस मोजत नाहीत. आत खणायचं नाही, पेरायचं नाही, जनावर सोडायचं नाही, गवत फक्त कापायचं, असं पाटीवर लिहिलंय. माझ्या आधीच्या मापाऱ्यानं बत्तीस वर्षं पाळलं, मी अडतीस. मी गवत कात्रीनं कापते. तुझे बॉम्ब फुटायच्या आधीपासून ते कुंपण आहे. ज्या पावसातून तुझी धूळ पडली तो पाऊस त्याच भांड्यात मोजलाय.

आधी का नाही सुचवलं विचारशील. कुंपणाच्या आत मी सोडून कुणी पाऊल टाकायचं नाही असा नियम आहे, म्हणून ती जागा तुझ्यासाठी आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. ऑफिसला परवानगीचा अर्ज मीच केलाय, तीन ओळींचा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर मी तिथे जाऊन बसते. मी बसले की ते लवकर सही करतात.

आत्या


९ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू आम्हाला बूट काढायला लावलेस, चष्मेवाल्याला भांड्यापासून चार हात लांब उभं केलंस, आणि प्रत्येक भोकावर गवताचा तोच तुकडा परत बसवून घेतलास. परतताना तो म्हणाला की एवढी शिस्त त्यानं कुठल्या प्रयोगशाळेत पाहिली नाही. मी त्याला मापपट्टीची आठवण करून दिली.

मोजणी परवा संपली. काप अगदी पुस्तकातल्यासारखे आले. वर भरपूर, मग कमी, मग नाही. मोठ्या बाई तो कागद बघून म्हणाल्या की हे कुंपण ज्यानं घातलं त्याला कुणीतरी कळवायला पाहिजे होतं.

आता उत्तर. गोड नाही, पण खरं आहे. नव्या मापानं उतारावरच्या शेतांची माती गेलेली आहे. सगळ्यात वरच्या, उभ्या पट्ट्यांची जवळजवळ निम्मी. मधल्या, खालच्या शेतांची बरीच कमी. पण धरणातल्या गाळावर तुझा मेंढपाळाचा शिक्का फार पुसट निघाला. शेतातूनच सगळा गाळ आला असता तर शिक्का ठळक असता. तीन भागांतले दोन भाग गाळ कोरा आहे, आणि कोरी माती येते ती काठाच्या पोटातून, जिथे ती धूळ कधी पोचलीच नाही. तुझ्या अंगणातल्या वाळूसारखी. म्हणजे मोठा दोष वाळूवाल्यांचा, लहान दोष आपला.

आम्ही सुचवलंय की काठ पोखरणं थांबवा, वरच्या चार पट्ट्या गवताखाली सोडा, बाकीची शेतं आडवी नांगरून चालू राहू द्या. त्या चार पट्ट्यांत बाबांची वरची पट्टी आहे. ते मी माझ्या हातानं लिहिलं.

एक गंमत सांगते, गंमत म्हणावी की नाही कळत नाही. नव्या मापानं सगळ्या उतारावर एकच तुकडा असा निघाला की जिथे जेवढं हवं जवळपास तेवढंच आहे, जणू तिथलं कधी काही हललंच नाही. बाबांचा खालचा कोपरा.

आणि आता अवघड भाग. पहिली जागा का रद्द केली ते अहवालात लिहावं लागतं. घरच्यांनी पूर्वी माती काढून जवळच्या शेतात टाकली, एवढंच लिहिलंय, नाव नाही. पण बाबा समोर बसून ऐकणार. त्यांना सगळ्यांच्या देखत कळण्याआधी घरात कळायला हवं. तू म्हणशील तर मी येऊन सांगते.

तुझ्या धाकात राहू दे असंच,
भिंगरी


१३ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तू यायचं नाही. तू सांगितलंस तर तो तुझ्यावर चिडेल, मी सांगितलं तर माझ्यावर. मला त्याची सवय आहे.

सांगून आले. काल सकाळचं पाणी लिहिलं आणि तशीच त्याच्याकडे गेले. तो कुंपणाचा खांब ठोकत होता. मी बसले नाही, उभ्यानंच सांगितलं, वहीत लिहितात तेवढ्या शब्दांत. कोण, कुठून, किती दिवस. त्याची वरची पट्टी जाणार हेही सांगितलं, म्हणजे दोन्ही कडू घोट एकदम. तो खांब ठोकतच राहिला. खांब पुरेसा आत गेला होता तरी ठोकत होता. मग एकच विचारलं, की आतोबा शिडीवरून पडले नव्हते का. मी नाही म्हटलं. त्यानं हातोडा खाली ठेवला आणि घरात गेला.

मी दारात थांबले नाही. थांबून काय करायचं?

तू अहवालातला एक शब्दही बदलू नकोस. खालच्या कोपऱ्याचा आकडा आहे तसा वाच. आवाज मोठा ठेव, मागच्या रांगेत ऐकू येत नाही.

आत्या


२६ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

चांगलं वाचलंस. भरभर वाचलंस, पण चांगलं. वाळूवाल्यांचा माणूस म्हणाला की साठ वर्षांपूर्वीच्या धुळीवर कोण विश्वास ठेवतो, तेव्हा तू त्याला कुंपणात येऊन नळी स्वतः ठोकायला सांगितलंस ते मला आवडलं. बूट काढावे लागतील हे सांगायला विसरलीस.

तू कागदात डोकं घालून होतीस म्हणून एक सांगते. वरच्या पट्टीवाला तो जाड्या आरडाओरडा करायला उठला, की भिंगरीनं आपल्या माणसांची शेतं वाचवली आणि आमची घालवली. त्याला बाहीला धरून खाली बसवलं ते तुझ्या बापानं. म्हणाला की माझ्या पोरीनं पहिली पट्टी माझीच कापलीय, आकडे बरोबर आहेत, बस खाली. मग निकाल वाचेपर्यंत तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. माझ्याकडे नाही. सांगून आले त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नव्हता, दुकानापुढच्या बाकावरही बसला नव्हता. दुकानवाली मला विचारत होती की तुझ्या भावाला किरणं लागली का.

निकालाप्रमाणे काठावरची यंत्रं काल निघाली. पाणी अजून गढूळ आहे. लगेच निवळणार नाही, मी रोज बघतेय.

आज सकाळचं पाणी लिहून घरी आले तर मागच्या अंगणात तुझा बाप. डोक्यावर घमेलं. रिकामं नव्हतं. माती काळी होती, मी ती लांबूनच ओळखली.

तुझी ती जागा आता पुन्हा हललीय, तेव्हा नळी घेऊन परत यायचं नाही. तो काय म्हणाला, मी काय म्हटलं, घमेलं कुणी उतरवलं, यातलं काहीही मी लिहिणार नाही. विचारू नकोस.

आत्या